घर फॅक्टरीचं, जमीन आपली

पोरी, तू पाठवलेले घराचे फोटो बघितले. तीन बेडरूम, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे डेक काढायला जागा. घर छान आहे आणि जावईबापूंनी किमतीची घासाघीसही नीट केलेली दिसते. घराबद्दल मी काही सांगणार नाही. मला बोलायचंय ते त्याच्या खालच्या तीन फुटांबद्दल आणि त्याच्याही खाली जी काळी जमीन आहे तिच्याबद्दल.

अमेरिकेत ज्याला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात ते १५ जून १९७६ पासून एकाच केंद्रीय नियमावलीनुसार बांधलं जातं. ‘हड’ या गृहनिर्माण खात्याची ती नियमावली. भिंती, छप्पर, वायरिंग, नळ सगळं फॅक्टरीत होतं, तिथेच तपासलं जातं आणि घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक लाल पट्टी ठोकली जाते. आत कुठेतरी, बहुतेक वेळा कपाटाच्या दारामागे किंवा इलेक्ट्रिक पॅनेलजवळ, डेटा प्लेट असते. हे घर किती वाऱ्याला आणि छपरावरच्या किती भाराला धरून केलंय ते तिच्यावर लिहिलेलं असतं. म्हणजे घरावर लक्ष ठेवायला माणसं बसलेली आहेत. जमिनीवर मात्र कोणी लाल पट्टी ठोकत नाही. ती तपासायची जबाबदारी घेणाऱ्याची.

डीलर म्हणेल, सेट-अप किमतीत धरलाय, तुम्ही काळजी करू नका. त्या सेट-अपमध्ये साधारणपणे काय येतं? जमिनीवर प्लास्टिकचे किंवा काँक्रीटचे पॅड, त्यावर काँक्रीट ब्लॉकचे खांब, वर लाकडी पाचरा आणि वाऱ्यासाठी काही अँकर. पद्धत वाईट नाही, चांगल्या जमिनीवर ती उत्तम चालते. पण तुमचा तुकडा त्याने पाहिलेला नसतो, आणि पाहिला असला तरी वरचं गवत पाहिलेलं असतं.

तुम्ही घेतलेली जमीन टेक्सासात, हिल्सबरो आणि वेकोच्या मधली. तो सगळा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरीचा. तिथल्या मातीचं नाव ह्यूस्टन ब्लॅक, पण नावावर जाऊ नकोस; ती डॅलसच्या उत्तरेपासून खाली सॅन अँटोनियोपर्यंत पसरलेली आहे. ही माती मी टेक्सासात पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिची ओळख करून घ्यावी लागली नाही. सोलापूरकडच्या रानातली आपली काळी माती आणि ही, मृदाशास्त्रात दोघींचा गण एकच, व्हर्टिसॉल. दोन्हींत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती. तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते. उन्हाने पाणी निघून गेलं की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

तुझे आजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. काळ्या रानात कुठलंही बांधकाम निघालं, मग ते शाळेचं असो की दवाखान्याचं, त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: मुरूम किती खाली आहे? मुरूम हाताला लागेपर्यंत ते पाया भरू द्यायचे नाहीत. वरचे लोक घाई करायचे, ठेकेदार कुरकुर करायचे, तरी आजोबा खड्ड्याच्या काठावरून हलायचे नाहीत. हाच प्रश्न तू तुझ्या जमिनीला विचार. तुमच्या भागात मुरमाच्या जागी पांढरट चुनखडक लागतो, ऑस्टिन चॉक म्हणतात त्याला. कुठे तो चार-सहा फुटांवर असतो, कुठे फार खोल. तुझ्या जमिनीत तो किती खाली आहे, यावर पुढचा निम्मा निर्णय ठरेल.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जड इमारत फुगणाऱ्या मातीला थोडंफार तरी दाबून धरते. फॅक्टरीचं घर हलकं असतं, ट्रकच्या मागे ओढत आणता येईल इतकं. त्याला ही माती सहज उचलते. त्यातही सगळीकडून सारखं उचललं असतं तरी चाललं असतं. घराच्या मधोमध, सावलीत, माती वर्षभर जवळपास सारखी ओली राहते. कडेची माती पावसात फुगते आणि ऑगस्टात खाली बसते. कडा वर-खाली होतात, मध्य जागेवर राहतो. मग दारं अडकतात, खिडक्या सरकत नाहीत, आणि तुमचं घर दोन भागांचं असल्यामुळे जिथे ते दोन भाग जोडलेत त्या रेषेवर छताला तडा जातो.

तेव्हा पहिलं काम माती ओळखण्याचं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा मृदा सर्व्हे इंटरनेटवर फुकट आहे, वेब सॉइल सर्व्हे या नावाने. नकाशावर आपली हद्द आखायची, की कुठली माती, ती किती आक्रसते-फुगते, घर बांधायला कितपत बरी, सगळं समोर येतं. तो नकाशा ढोबळ असतो, तुझ्या दोन एकरांत मध्येच माती बदलली तर त्याला कळेलच असं नाही. पण सुरुवात तिथून कर.

मग एक चाचणी घरी कर. भारतीय मानकांत ती आहे, आणि आजोबा ती साइटवरच्या खोलीत करायचे. शंभर मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या मागव. कुदळीने दोन-तीन फूट खालची माती काढ, वरची गवताच्या मुळांची नको. ती वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळून घे. दोन्ही नळ्यांत दहा-दहा ग्रॅम टाक. एकीत शंभरपर्यंत पाणी ओत, दुसरीत रॉकेल. काचेच्या सळईने हलवून हवेचे बुडबुडे काढ आणि दोन्ही नळ्या चोवीस तास, कोणी धक्का लावणार नाही अशा जागी ठेव. रॉकेलमध्ये चिकणमाती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींत माती कितीपर्यंत आली ते वाच. समजा रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आली आणि पाण्यात १७. फरक ७, म्हणजे फुगवटा ७० टक्के. पन्नासच्या पुढे गेलं की ती माती जोरात फुगणारी समजायची आणि पुढे प्रत्येक पावलाला सावध राहायचं. रॉकेल हाताळताना गॅसच्या शेगडीपासून लांब, गॅरेजमध्ये बसा, एवढं सांभाळा.

या चाचणीने इंजिनियरची गरज संपत नाही. पण आकडा हातात असला की डीलरने ‘इथली जमीन एकदम मस्त आहे’ म्हटल्यावर मान डोलवायची वेळ येत नाही. त्यानंतर भू-तांत्रिक इंजिनियर बोलाव. घर जिथे बसणार त्या जागेवर दोन बोअर घ्यायला सांग आणि रिपोर्टमध्ये पीव्हीआरचा आकडा माग. पीव्हीआर म्हणजे कोरडी माती ओली झाली तर जमीन वर किती इंच येऊ शकते त्याचा अंदाज. टेक्सासात पायाचं काम करणाऱ्या कुठल्याही इंजिनियरला हा शब्द ठाऊक असतो. एक इंच असेल तर एक गोष्ट, चार-पाच इंच असेल तर वेगळी. या रिपोर्टचे पैसे द्यायला बहुतेक लोक मागेपुढे पाहतात आणि ग्रॅनाइटच्या ओट्याला पाहत नाहीत. तू उलट कर.

आता पाणी. काळ्या मातीत पाया बिघडवणारं दुसरं-तिसरं काही नसतं, पाणीच असतं. जमीन भर पावसात बघायची, हे आजोबांचं दुसरं सांगणं. तिकडे ते जुलै-ऑगस्टात जायचे, तुला मे महिन्यात जायला हवं. तुमच्या भागात मे हा भर पावसाचा महिना. बूट घालून पूर्ण तुकडा चाल. कुठे पाणी साचतं, कुठल्या बाजूने शेजारच्या रानाचं पाणी येतं, बुटाला माती किती चिकटते, ते बघ. ऑगस्टात हीच जमीन दगडासारखी लागते, तेव्हा तिची ताकद मोजली तर आकडा भरमसाट येतो आणि तो फसवा असतो. पूररेषेचा नकाशा फेमा या केंद्रीय आपत्ती-निवारण संस्थेच्या साइटवर बघून घे. तुकडा पूरक्षेत्रात निघाला तर पायाची चर्चा बाजूला ठेवून आधी जागेचा फेरविचार करा.

घराची जागा आजूबाजूपेक्षा उंच घ्यायची, मध्ये थोडी फुगीर, म्हणजे खाली पाणी गेलंच तर थांबणार नाही. केंद्रीय नियम सांगतो की घरापासून पहिले दहा फूट दर फुटाला अर्धा इंच उतार हवा. म्हणजे दहा फुटांत पाच इंच. नियम तेवढाच असला तरी तू थोडा जास्तच ठेव. छपराला पन्हळ लाव आणि तिचं पाणी पाइपने लांब सोड. भर घालायची असेल तर थराथराने, प्रत्येक थर दाबून.

इथे एक खास इशारा. काही ठेकेदार सुचवतील, काळी माती दोन-तीन फूट काढून टाकू आणि खड्ड्यात वाळू-खडी भरू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण चोहोबाजूंनी चिकणमाती आणि मध्ये खडी, म्हणजे जमिनीत पाण्याचं टाकंच तयार झालं. पाऊस त्यात उतरतो आणि आठवडेच्या आठवडे खालच्या मातीला पाणी पाजत राहतो. माती बदलायचीच असेल तर तिच्या जागी दाबून बसवलेली, पाणी न झिरपणारी भर हवी, आणि ती इंजिनियरने लिहून दिलेली हवी.

झाडांचंही बघ. ओक सुंदर दिसतो, पण उन्हाळ्यात तो मुळांनी पायाखालचं पाणी ओढतो आणि त्या बाजूची माती खाली बसते. झाड मोठं झाल्यावर जेवढं उंच होईल, तेवढ्या अंतरावर घर ठेव.

आता प्रत्यक्ष पाया. मार्ग साधारण चार.

पहिला, डीलर म्हणतो तो: जमिनीवर पॅड, त्यावर ब्लॉकचे खांब. याची खरी ताकद अशी की जमीन हलली तर घर जॅकवर उचलून पाचर बदलता येते. फुगणाऱ्या मातीत हे फार मोलाचं आहे. पण पॅडचा आकार बघूनच हो म्हण. हिशेब सोपा आहे. समजा माती दर चौरस फुटाला १,५०० पौंड पेलते; बसवणीच्या नियमांत, चाचणी केली नसेल तर बऱ्याच मातींसाठी हाच आकडा धरतात. सोळा इंच बाय सोळा इंचाचा पॅड म्हणजे पावणेदोन चौरस फुटांच्या आसपास, तो सुमारे २,६७० पौंड पेलेल. आणि घराच्या मॅन्युअलमध्ये एखाद्या खांबावर ४,००० पौंड भार दाखवला असेल तर? तो पॅड जमिनीत रुतणार. तिथे चोवीस बाय चोवीसचा हवा. तो चार चौरस फूट, ६,००० पौंड पेलेल. पण पावसाळ्यात तुझी माती मऊ पडून १,००० वर आली तर तोच पॅड बरोबर ४,००० वर येऊन टेकतो, काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून काळ्या मातीत पॅड एक माप मोठाच घ्यायचा. वाढीव पैसे किरकोळ असतात.

हे सगळे भार कुठे लिहिलेले असतात? प्रत्येक घराबरोबर कंपनीचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल येतं. त्यात पिअर डायग्राम असतो: कुठे खांब, किती अंतरावर, कशावर किती भार. हे मॅन्युअल घर येण्याच्या दिवशी नाही, सही करण्याच्या आधी माग. दोन भाग जिथे जुळतात त्या रेषेखाली, छपराच्या मधल्या तुळईचे खांब जिथे उतरतात, तिथे भार सगळ्यात जास्त असतो. फॅक्टरी त्या जागांवर खुणा करून पाठवते. बाहेरच्या मोठ्या दारा-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंनाही आधार लागतो. घर बसवणाऱ्यांच्या मागे डायग्राम घेऊन उभी राहा आणि प्रत्येक खूण ताडून बघ.

ब्लॉकची छिद्रं उभी हवीत, आडवी नव्हेत. आडवा ब्लॉक भाराखाली फुटतो. खांब छत्तीस इंचांच्या वर गेला तर एकेरी ब्लॉक चालत नाहीत, दुहेरी आणि एकमेकांत गुंतवून रचावे लागतात. पाचरा कठीण लाकडाच्या, जोडीने, दोन्ही बाजूंनी ठोकलेल्या. घराच्या मुख्य लोखंडी तुळईखाली निदान बारा इंच मोकळे हवेत असा नियम आहे; मी म्हणेन दोन फूट ठेव. खाली माणूस रांगत जाऊ शकला नाही तर कोणीच बघायला जात नाही, आणि जे बघितलं जात नाही ते बिघडतं.

दुसरा मार्ग, स्लॅब. वाळूच्या किंवा मुरमाड जमिनीवर उत्तम. काळ्या मातीवर साधा चार इंची स्लॅब ओतू नका. तो तडकतो आणि त्यावरचे खांबही त्याच्याबरोबर कलतात. इंजिनियरने या मातीसाठी खास डिझाइन केलेला, आतून ताणलेल्या तारांचा स्लॅब वेगळा. तो महाग पडतो.

तिसरा, चहूबाजूंनी काँक्रीटची भिंत आणि आत रांगण्याइतकी जागा. दिसायला नेहमीच्या घरासारखं. फुगणाऱ्या मातीत या भिंतीखाली मुद्दाम पोकळी ठेवावी लागते, म्हणजे माती फुगली तरी भिंतीला उचलत नाही. ठेकेदाराला ही पोकळी का ठेवायची हे सांगता आलं नाही, तर त्याला काम देऊ नकोस.

चौथा, जमिनीत खोल भोक घेऊन काँक्रीटचे खांब, खालच्या चुनखडकात किंवा जिथे ओल वर्षभर बदलत नाही अशा थरात टेकवलेले. माझ्या मते तुमच्या जमिनीवर, तुम्ही तिथेच राहणार असाल तर, हाच खरा पाया. खर्च जास्त आहे. सळ्या वरपासून तळापर्यंत हव्यात, कारण फुगणारी माती खांबाला वरच्या भागात पकडून ओढते आणि सळी अर्ध्यावर संपली तर खांब तिथे तुटतो. आपल्याकडे रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (सीबीआरआय) काळ्या मातीसाठी ज्या अंडर-रीम्ड पाइल रुळवल्या त्यांच्यामागे हाच विचार आहे: खाली पसरट बोंडा करून खांब घट्ट रोवायचा, म्हणजे माती त्याला उपसू शकत नाही.

पैसे पुरत नसतील तर पहिला मार्ग घ्या, पण मोठे पॅड, चोख निचरा आणि दरवर्षी लेव्हल, या तिन्हींसह. यातलं एक गाळलं तरी बाकीच्या दोन्हींचा उपयोग होत नाही.

वारा विसरू नका. १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात फॅक्टरीच्या घरांचा चुराडा केला, त्यानंतर १९९४ मध्ये हडने वाऱ्याचे नियम कडक केले. तुमचा भाग पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी वाऱ्याच्या, क्षेत्रातला आहे, पण अँकर तिथेही लागतातच. अँकर तुमच्या मातीसाठी चाचणी झालेले हवेत. वाळूचा, चिकणमातीचा आणि खडकाचा अँकर वेगवेगळा असतो. अँकर पट्टीच्या ओढीच्या रेषेत घातलेला नसेल तर त्याच्यापुढे आधाराची पोलादी पाटी हवी, नाहीतर मऊ मातीत तो कापत पुढे सरकतो. खड्डे घेण्याआधी किंवा अँकर घालण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी आखून घ्या. आणि हे नीट ऐक: कितीही अँकर असले तरी टोर्नेडोच्या इशाऱ्याला या घरात थांबायचं नाही. हवामान खातंही हेच सांगतं. पायाच्या खर्चातच जमिनीखालच्या किंवा काँक्रीटच्या निवाऱ्याचे पैसे धरा. तुम्हा दोघांबरोबर उद्या लेकरू असेल.

मिशिगन-मिनेसोटात राहणाऱ्या आपल्या मंडळींना माझं हे काळ्या मातीचं पुराण जसंच्या तसं लागू नाही. त्यांचा वैरी बर्फ. जमिनीतलं पाणी गोठतं आणि वरचं सगळं उचलतं, म्हणून फूटिंग गोठण-रेषेच्या खाली न्यावं लागतं: मिशिगनमध्ये बहुतेक ठिकाणी ४२ इंच, मिनेसोटाच्या उत्तर भागात ६० इंच. तिथे जमिनीवर नुसते पॅड ठेवून कोणी घर बसवून देत असेल तर इंजिनियरचा कागद मागा.

आता कर्ज, कारण पाया आणि कर्ज यांची गाठ तुम्हाला घर आल्यावर कळली तर उशीर होतो. घर जमिनीपासून सुटं, वाहनासारखी जंगम मिळकत म्हणून धरलं तर कर्जाचा व्याजदर साधारणपणे जास्त असतो आणि मुदत कमी. नेहमीचं गृहकर्ज, विशेषतः सरकारी हमीचं म्हणजे एफएचएचं, हवं असेल तर पाया ‘कायमचा’ हवा; हडची त्याची मार्गदर्शिका १९९६ ची आहे आणि पाया तिच्याप्रमाणे असल्याचं परवानाधारक इंजिनियरचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. चाकं, आस आणि ओढण्याचा दांडा काढावा लागतो. टेक्सासात त्याशिवाय घराच्या मालकीपत्रावर ते स्थावर मिळकत म्हणून नोंदवून काउंटीच्या दप्तरात दाखल करावं लागतं. हे सगळं नंतर करता येत नाही असं नाही, पण घर बसल्यावर त्याच्याखाली खोल खांब घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. म्हणून आधी बँकेला विचारा, मग पाया ठरवा, मग घर मागवा. आणखी एक: एका जागी बसवलेलं घर उचलून दुसरीकडे नेलं तर बरेच कर्जदाते त्याला हात लावत नाहीत. ‘नंतर हलवू’ हा विचार मनातून काढून टाका.

घर बसल्यावर खालच्या मातीवर सहा मिलचं जाड प्लास्टिक अंथरायचं, जोडावर बारा इंच एकावर एक. चहूबाजूंच्या स्कर्टिंगला हवेची भोकं हवीत. ड्रायरची वाफेची नळी आणि एसीचं पाणी स्कर्टिंगच्या बाहेर निघालं पाहिजे. आत सोडलं तर तुम्ही स्वतःच आपल्या पायाला पाणी घालताय. स्कर्टिंग नुसतं झाकण आहे, त्याच्यावर घराचा कणभरही भार नको.

आणि दरवर्षीचं काम. आजोबांची लेव्हल ट्यूब तुला आठवत असेल, पारदर्शक नळी, आत पाणी, दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत. लेझरची यंत्रं आली तरी घराखाली रांगत जायला याच्यासारखं सोपं साधन नाही. पंचवीस-तीस फुटांची अर्धा इंची नळी घे, बुडबुडा राहू न देता भर. एक टोक घराच्या मधल्या एका खांबापाशी जावईबापूंनी धरायचं, दुसरं तू एकेका खांबापाशी न्यायचं आणि तुळईच्या तळापासून पाण्याचं अंतर मोजून वहीत लिहायचं, तारखेसह. शेजारच्या दोन खांबांमध्ये पाव इंचापेक्षा जास्त फरक आला, किंवा बाहेरचं दार घासायला लागलं, की परवानाधारक माणसाकडून घर लेव्हल करून घ्यायचं. घर बसल्यावर पहिलं मोजमाप दोन-तीन महिन्यांत, मग दरवर्षी एकदा. पहिल्या वर्षी मे आणि ऑगस्ट दोन्ही महिन्यांत घेतलंत तर तुमची जमीन किती हलते ते वहीतच दिसेल. आणि लेव्हल केल्यावर अँकरच्या पट्ट्या पुन्हा ताणून घ्यायला विसरू नका. घर वर-खाली झालं की त्या सैल पडतात, आणि सैल पट्टी वादळात काहीच धरत नाही.

तुझ्या आईने मुहूर्त काढायचा म्हटलंय. तो घर ट्रकवर येण्याच्या दिवसाचा नको, पहिला खड्डा घेण्याच्या दिवसाचा काढायला सांग. पूजा जमिनीची होऊ दे.

बोअरचा रिपोर्ट आला की मला पाठव, घराचा पिअर डायग्रामही पाठव. दोन्ही समोर ठेवून आपण फोनवर बसू आणि एकेक खांब बघू. तोपर्यंत डीलरला डिपॉझिट देऊ नका.